कुंदाताईंच्या नावावरची यंत्रं

सोमवारी सकाळी कुंदाताई खटावकरांचा डावा कान नांदेड शाखेत पोचला. त्या स्वतः पुण्याच्या मुख्य कार्यालयात चहा पीत बसल्या होत्या आणि कानात नांदेडचा पंखा घरघरत होता.

कारण अगदी साधं होतं. विमा कंपनीच्या सगळ्या यंत्रांची नोंद संगणकात होती: कोणतं यंत्र, कुठल्या शाखेत, मालक कोण. मालकाचा रकाना रिकामा सोडता येत नसे. ज्या यंत्राला कुणी वाली नसे त्यापुढे लोक गेली एकोणीस वर्षं बिनदिक्कत ‘कुंदा खटावकर’ लिहीत आले होते, कारण कुंदाताईंची नाही म्हणायला जीभ रेटत नसे. भीड भिकेची बहीण म्हणतात ते काही उगीच नाही. एकशे त्रेचाळीस यंत्रं साठली होती त्यांच्या नावावर.

आता नोंदी तपासायचं काम माणसांकडून काढून घेतलं होतं. तपासणी आपोआप चाले. तिचा पहिला नियम असा, की यंत्र जिथे, मालकही तिथेच हवा. मंगळवारी कुंदाताईंचा उजवा खांदा अकोल्याला गेला, बुधवारी दोन्ही हात साताऱ्याला.

त्यांना शुक्रवारी नाशिकला जायचं होतं. लेक ऋता बाळंत झाली होती. पहिलं नातवंड, आणि अजून ते आजीच्या मांडीवर निजलं नव्हतं.

तपासणीचा प्रोग्राम लिहिणारा सौमित्र शेजारच्याच टेबलावर बसे. त्याला काम कुंदाताईंनीच शिकवलं होतं.

“सौमित्र, तुझी एकतीस यंत्रं तरी परत घे रे. मला लेकीकडे जायचंय.”

“घेतली असती, ताई. पण मग मी वाटला जाईन ना.”

“माझ्या नावावर तूच टाकलीस ना ती?”

“तेव्हा सगळेच टाकायचे.”

कुंदाताईंना संताप आला, पण तो नेमका कुठल्या शाखेत आला हे त्यांना कळेना. त्या गुळवणी साहेबांकडे गेल्या. चुकीची नोंद मालकानेच दुरुस्त करायची असते, अंगठा लावून, असं साहेबांनी सांगितलं. दोन्ही अंगठे साताऱ्याला होते.

गुरुवारी सौमित्रला थोडी लाज वाटली असावी. “नाशिकला तुमच्या नावावर एक प्रिंटर आहे. तिथे काय पाठवायचं, एवढं मी ठरवू शकतो,” तो म्हणाला.

“मांडी पाठव,” कुंदाताई लगेच म्हणाल्या.

शुक्रवारी दुपारी मांडी नाशिक शाखेत प्रिंटरशेजारच्या स्टुलावर नीट बसली, निळ्या सुती साडीसकट. पुण्याच्या खुर्चीत डोळे, उजवा कान, तोंड आणि थोडं पोट एवढंच उरलं होतं. ऋता बाळाला घेऊन शाखेत आली होती, आणि इकडे टेबलावर फोन चालू होता.

“आई, ठेवलं बघ त्याला,” ऋता म्हणाली. “लगेच डोळे मिटले गं.”

ते ऊबदार वजन कुंदाताईंना पुण्यात जाणवलं. त्यांचे डोळे भरून आले. आठवड्याभरात पहिल्यांदाच त्यांना बरं वाटलं.

“ताई, चार वाजता दुसरा नियम सुरू होतोय,” सौमित्र म्हणाला. “महिनाभर बंद असलेलं यंत्र नोंदीतून काढून टाकायचं. मालकाचं जे काही तिथे असेल, त्यासकट.”

“नाशिकचा प्रिंटर?”

“दोन वर्षं बंद आहे.”

“आणि हे तू आत्ता सांगतोस?”

“तुम्ही विचारलं नाहीत.”

“थांबव ते.”

“आता ते आपोआप आहे, ताई.” शंभर टक्के नोंदी जुळत आल्याची बातमी साहेबांना द्यायला तो उठून गेलाही.

चाराला एक मिनिट कमी होतं. कुंदाताईंनी फोनकडे तोंड वळवलं. लातूरचं एक यंत्र अजून तपासायचं राहिलं होतं, त्याची पाळी नेमकी तेव्हाच आली. लातूर शाखेतल्या कुलूपबंद खोलीत, धूळ खात पडलेल्या कपाटासमोर, त्यांचं तोंड अगदी स्पष्ट म्हणालं, “ऋता, बाळाला उचल.”