बांधता न येणारा आकार

"तुम्ही फसवलंत मला, सर. मलाच."

थोरली दारातूनच कडाडली. मार्गदर्शक सर खुर्चीतून अर्धवट उठले नि परत बसले. फळ्याशी तिची सख्खी धाकटी बहीण डस्टर घेऊन उभी.

"अगं ताई, आधी बस तरी."

"तू गप गं! तुझं कौतुक ऐकून कान किटलेत माझे."

पीएच.डी.साठी गणिताचा प्रश्न दोघींना एकच मिळाला होता. आकार फिरवला, उलटवला की त्यातली छिद्रं आपसात जागा बदलतात. आता उलट बाजूनं या. छिद्रांनी जागा कशा बदलायच्या तो नियमच आधी हातात दिला, तर तसा आकार दर वेळी बांधता येईल? सर थोरलीला म्हणाले, बांधून दाखव. धाकटीला म्हणाले, बांधता येणारच नाही असा नियम शोध.

एकच हालचाल पुन्हा पुन्हा करायची असे नियम थोरलीनं पटापट बसवले. मग दोन हालचालींचा नियम घेतला: आधी कुठलीही करा, छिद्रं तिथंच पोचणार. छिद्रं जुळली, बाईसाहेब हवेत! आकाराचे बाकीचे बिंदू बघायचेच राहिले. क्रम बदलला की ते भलतीकडे पडत. हलके हलके सरकवले तरच एकमेकांवर येत. धाकटीनं चहा पिता पिता ते हेरलं.

"ताई, सरकवून सारखं म्हणजे सारखं नव्हे गं."

आणि त्याच फटीत बोट घालून तिनं सिद्ध केलं, की दोन हालचालींचा एक नियम असा आहे, ज्यात ही फट कुणालाच बुजवता येणार नाही. झालं! विभागभर तिचाच उदोउदो. थोरलीनं जिच्या वेण्या घातल्या, जिला अपूर्णांक शिकवले, तिच्यामुळे लोक विचारू लागले, "तुम्ही त्यांच्या बहीण ना?" थोरलीच्या अंगाचा नुसता तिळपापड.

तरी गिळलं असतं तिनं. पण आज सकाळी धाकटी बोलता बोलता बोलून गेली, "सर मला पहिल्याच दिवशी म्हणाले होते, दोन हालचालींपाशी हे मोडेल बहुतेक."

"चूक तुझीच होती ना?" सर चष्मा पुसत म्हणाले.

"माझीच. हजारदा माझी. पण मोडणार वाटत होतं, तर मला बांधायला का बसवलंत?"

"तुझ्यात चिकाटी होती म्हणून..."

"आणि हिच्यात डोकं?"

सर धाकटीकडे बघू लागले. धाकटी डस्टरकडे.

"तिच्याकडे काय बघता? मी विचारतेय. माझ्याकडे बघून सांगा, कुणाच्या वाट्याला काय, हे कशावरून ठरवलंत?"