पकडणाऱ्याचं नाव

भीमराजकाका बोरिवलीच्या एका कॉलेजात प्राणिशास्त्राच्या प्रयोगशाळेत अटेंडंट. निवृत्तीला उरले होते तीन आठवडे आणि माणूस झुरत होता एका किड्यापायी! दहिसर नदीत वरच्या अंगाला, जंगलात, जिथे पाणी संथ आणि नितळ आहे, तिथे अकरा वर्षांपूर्वी त्यांनी एक चपटा किडा पाहिला होता. श्वास घ्यायलाही वर न येणारा. तेव्हाच्या सरांना सांगितलं, तर सर खो खो हसले. "अहो, झुरळ पडलं असेल पाण्यात!" शिपायाच्या डोळ्यांना कोण विचारतो! ते हसणं काकांच्या फार जिव्हारी लागलं होतं. आपण खोटं बोललो नव्हतो, एवढं सिद्ध करूनच त्यांना घरी बसायचं होतं.

नव्या जान्हवी मॅडम हसल्या नाहीत. त्यांनी वनखात्याची परवानगी काढली आणि रविवारी सकाळी स्वतः पाण्यात उतरल्या. काका दगड उलटायचे, मॅडम जाळी धरायच्या. बारा वाजले तरी सगळे नेहमीचेच किडे.

"राहू द्या मॅडम, उगाच तुमची सुट्टी... आई गं! चावला मेला!"

आणि बोट चोळत काका हसायलाच लागले. दुसऱ्या हाताच्या चिमटीत तोच चपटा किडा होता.

ट्रेमध्ये पाणी घेऊन दोघं काठावर बसली. बाकीचे किडे हवेसाठी वर येत होते, हा पठ्ठ्या तासभर तळाला चिकटून. मॅडमनी भिंगातून पाहिलं, पुस्तकातलं चित्र पाहिलं, पुन्हा भिंगातून.

"काका, हाच हो! पुस्तकात हा सापडण्याच्या ठिकाणांत मुंबईचं नावसुद्धा नाही."

काकांचे डोळे भरून आले. पण काम ते काम. त्यांनी किडा स्पिरिटच्या बाटलीत घातला आणि चिठ्ठी लिहायला घेतली, पेन्सिलीने, कारण स्पिरिटमध्ये शाई पसरते. तारीख, ठिकाण, पकडणाऱ्याचं नाव. ती वाचून मॅडमचा पारा चढला.

"माझं नाव? पकडला कोणी?"

"मी. पण तिथे प्रोफेसरांचंच घालतात ना, मॅडम. एकतीस वर्षं तेच लिहितोय."

"आणि चावला कोणाला, मला? खोडा आधी ते."

काकांनी खोडलं. पेन्सिल टेकवून थांबले.

"नुसतं भीमराज लिहू?"

"पूर्ण लिहा. वडिलांच्या नावासकट."

भीमराज शिवदास सोनकांबळे. लिहायला त्यांना बराच वेळ लागला. मग त्यांनी चिठ्ठी बाटलीत सोडली आणि झाकण मॅडमनी लावलं.