सोनाबाईचं दुसरं ताट

“सोने, जेवलीस का गं?”

हा आवाज मी पहिल्यांदा ऐकला तेव्हा माझ्या अंगाला नुकत्याच तासलेल्या लाकडाचा वास येत होता. दारात दादू उभा होता. अंगावर खाऱ्या पाण्याचे पांढरे डाग आणि खांद्यावर ओला रुमाल. चुलीपाशी बसलेली त्याची नवी नवरी, सोनाबाई, मान खाली घालून म्हणाली होती, “न्हाय. तुमचीच वाट बघत व्हते.”

मित्रांनो, मी एक जुनं जाळीचं कपाट आहे. रेवदंड्याच्या कोळीवाड्यात, खाडीकडे तोंड असलेल्या एका स्वयंपाकघरात मी उभा आहे. येसाजी सुतारानं दादूची होडी बांधली आणि उरलेल्या फळ्यांतून मला घडवलं. म्हणजे होडी माझी सख्खी बहीण. ती दर्यावर गेली, मी चुलीजवळ राहिलो. माझ्या तिन्ही बाजूंना बारीक तारेची जाळी ठोकली, मुंग्या चढू नयेत म्हणून माझे चारही पाय पाण्याने भरलेल्या वाट्यांत ठेवले. बहिणीसारखा मीही जन्मभर पाण्यातच उभा राहिलो म्हणा ना!

माझं काम साधं होतं. उशिरा येणाऱ्या माणसाचं जेवण राखायचं. रेवदंड्याच्या खाडीच्या तोंडाशी वाळूचा दांडा आहे. ओहोटीला होडी आत येत नाही, भरती चढेपर्यंत बाहेरच थांबावं लागतं. भरती रोज थोडी पुढे सरकते आणि तिच्याबरोबर आमच्या घरातलं रात्रीचं जेवणही पुढे सरकत जातं. कधी दिवेलागणीला, कधी वाडा निजल्यावर. या घरात जेवणाची वेळ घड्याळानं कधी ठरवलीच नाही. आणि घरची एक रीत होती. दर्यावरून आलेल्या माणसाला एकट्याला जेवू घालायचं नाही. त्याच्या ताटासमोर दुसरं ताट हवंच.

वाट बघताना सोनाबाई हलक्या आवाजात गायची,

भरतीच्या पान्या, ये रं माझ्या दारी,
झाकून ठेवली मी तांदळाची भाकरी.

गाणं खरं होतं. पण अर्धंच.

सोनाबाई सकाळी डोक्यावर मासळीची टोपली घेऊन चौलपर्यंत पायी जायची, दारोदार हिंडायची, दुपार उतरल्यावर परत यायची. दिवे लागेपर्यंत पोटात आगीचा डोंब उठायचा. मग ती माझं दार उघडायची, दोन भाकऱ्या, मूठभर भात आणि वाटीभर कालवण काढायची आणि उभ्या उभ्या जेवायची. ताट विसळून माझ्या खालच्या फळीवर ठेवायची. उशिरा दादू यायचा. विचारायचा, “सोने, जेवलीस का गं?” ती म्हणायची, “न्हाय.” नवी नवरी होती, लाजेनं पहिल्यांदा खोटं बोलली. दुसऱ्या दिवशी खरं सांगायचं तर पहिल्या दिवसाचं खोटं उघडं पडलं असतं. मग ते खोटं भाकरीसारखं रोजचंच झालं.

ती त्याच्यासमोर ताट घेऊन बसायची आणि पुन्हा जेवायची. दादू आपल्या ताटातली माशाची मधली तुकडी उचलून तिच्या ताटात टाकायचा. “घे. माझ्यापायी उपाशी राहिलीस.” स्वतः कालवणात भात कालवून जेवायचा. ती तुकडी सोनाबाईच्या घशाखाली उतरताना मी जाळीतून बघत असायचो. ती चावायची कमी, गिळायची जास्त.

दादू डोलकाठीसारखा सडसडीत होता. सोनाबाई वर्षागणिक भरत गेली. पुढे दादू छातीच्या दुखण्यानं गेला. तेव्हा अंगावर मांस म्हणून उरलं नव्हतं. वाड्यातल्या बाया रडत होत्या. सोनाबाई माझ्याकडे बघत बसली होती. त्याच्या ताटातल्या त्या तुकड्या तिच्या मनात टोचत होत्या, ते फक्त मला ठाऊक होतं.

मात्र एक गोष्ट तिलाही ठाऊक नव्हती. ती माझ्या जाळीत अजून अडकून आहे. एकदा दादू वेळेआधी आला. सोनाबाई मागच्या दारी मोरीवर होती. त्यानं पाण्याचा तांब्या घ्यायला माझं दार उघडलं, तर खालच्या फळीवर तिचं ताट. नुकतंच धुतलेलं, ओलं, काठाला भाताचं एक शीत चिकटलेलं. दादूनं त्या ताटावरून बोट फिरवलं. गालातल्या गालात हसला. मग खांद्यावरच्या रुमालानं ताट कोरडं पुसलं, शीत काढून तोंडात टाकलं, माझं दार आवाज न करता लावलं आणि हळूच बाहेर गेला. थोड्या वेळानं दारातून रोजच्यासारखी हाक आली, “सोने, जेवलीस का गं?”

हे मी तिला कधी सांगू शकलो नाही. लाकडाला तोंड नसतं, मित्रांनो. माझ्या बिजागऱ्या कुरकुरतात, तेवढंच काय ते. बाई झुरताना बघायची आणि तिचं औषध आपल्या पोटात असून द्यायचं नाही, याची लाज मी या चार पायांवर उभा राहून पेलत आलो आहे.

काळ बदलला. घरात फ्रीज आला. दूध, मासळी, कापलेलं कलिंगड सगळं त्याच्या पोटात गेलं. माझ्या वाट्यांतलं पाणी कुणी बदलेना. खालची जाळी एका कोपऱ्यात फाटली. तरी एक मान माझ्याकडे राहिला. होडीवर आता दादूचा मुलगा रितेश जातो आणि त्याचं उशिराचं ताट अजून माझ्यातच असतं. फ्रीजमधला भात खडखडीत होतो ना! रितेश दारातून बापासारखीच हाक देतो, “आये, जेवलीस का गं?” आणि सोनाबाई म्हणते, “न्हाय रं बाबा. तुझीच वाट बघतेय.”

रितेशची बायको नूतन गुणाची. सासूचे गुडघे गेले तशी तिची टोपली नूतननं उचलली. पहाटे मासळी घेऊन अलिबागला जाते, म्हणून संध्याकाळी लवकर निजते. सासूला दवाखान्यात तिनंच नेलं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, गुडघा बदलता येईल, पण आधी वजन उतरवा. दिवाळीनंतर बघते. तोवर उतरलं नाही तर ऑपरेशनचा तुमचा नंबर दुसऱ्याला जाईल.

सोनाबाईला त्या नंबराची फार आस होती. रेवदंड्याच्या बाजारात तिची बसायची एक जागा होती, पिंपळाच्या बाजूची. “येकदा पायावर उभी राहूदे,” ती म्हणायची, “माझ्या जाग्यावर बसून मी सुरमई विकनार. तिथं बसले की मी सोनाबाय असते. हितं नुसती म्हातारी.”

नूतननं मोबाइलवर कुठलासा व्हिडिओ बघितला. सातनंतर खाल्लेला प्रत्येक घास चरबी होऊन बसतो, असं त्यात होतं. त्या दिवसापासून घरात सातचा नियम लागला. सासूला एकटीला जेवायला बरं वाटणार नाही म्हणून नूतनही सातला तिच्याबरोबर बसू लागली. एक भाकरी, भाजी, वाफवलेला मासा. काचेचा वजनकाटाही आणला.

शेजारची मनुबाई दारातूनच हसली. “अगो सोनाबाय, दिवस असताना जेवायला तू काय पेठेतल्या शेटजीची सून झालीस?”

“हसून घे,” सोनाबाई म्हणाली. “बारीक झाले की तुझा पोलका मलाच व्हईल.”

“माझा पोलका? त्यात तुझा येक हात जाईल, येक!”

पावसाळ्यात होड्या वर ओढलेल्या होत्या. रितेश घरीच. सगळे सातला एका पंगतीत जेवायचे. आणि काय सांगू, सोनाबाईचं वजन उतरू लागलं! नूतननं काट्यावरचा आकडा सगळ्या वाड्याला दाखवला. “बघा, म्हटलं नव्हतं मी? सगळा वेळेचा खेळ आहे.”

नारळी पौर्णिमा झाली. होड्या पाण्यात उतरल्या. भरतीच्या वेळा परत घरात शिरल्या. आणि सोनाबाईचं वजन परत चढू लागलं.

नूतनला काही कळेना. सासू सातला जेवते, डोळ्यांसमोर जेवते. मग? सकाळी भाताचं भांडं मात्र हलकं लागायचं. तिनं माझी फाटलेली जाळी बघितली आणि गुन्हेगार सापडला.

“उंदीर शिरतो या भोकातून. म्हणून भात कमी होतो.” तिनं माझ्या पोटात उंदराचा सापळा ठेवला, त्यात सुका बोंबील लावला. मी वाट बघितली. उंदीर आला नाही. बोंबील तसाच वाळत राहिला. “उष्टं खाऊन आईंना काहीतरी व्हायचं,” नूतन म्हणाली. “उद्या भंगारवाला येतो. हे कपाटच देऊन टाकते.”

सोनाबाई कोपऱ्यात लसूण सोलत होती. तिचा हात थांबला. मग तिनं सोललेलीच पाकळी परत सोलायला घेतली. मला राग आला नाही, मित्रांनो. तिला माझ्यावरचा आळ दिसत होता आणि तिच्या डोळ्यांत पाणी होतं. लसणानं डोळ्यांत पाणी येत नाही.

त्या संध्याकाळी नूतन निजायला गेली नाही. मला रिकामं करून ती माझी मागची जाळी पुसत बसली होती, हातात फडकं. भरती लवकर होती. बाहेर पावलं वाजली.

“आये, जेवलीस का गं?”

“न्हाय रं बाबा,” सवयीनं शब्द निघून गेला. “तुझीच वाट बघतेय.”

नूतन माझ्या मागून उठून उभी राहिली.

रितेशनं तिला बघितलं आणि इतके दिवस दाबलेलं त्याच्या तोंडातून फुटलं. “बरं झालं ऐकलंस. रोज मी बघतो. माझी आय माझ्यासाठी उपाशी बसलेली असते. सातनंतर जेवायचं नाही हा तुझा नियम तुझ्यापाशी ठेव. म्हाताऱ्या माणसाला असं उपाशी ठेवतात?”

“उपाशी?” नूतनचा आवाजच बदलला. “सातला माझ्यासमोर बसून भाकरी खाल्लीय त्यांनी. मासा मी वाढलाय. मीपण त्यांच्यासाठी सातला जेवते, भूक नसली तरी! आणि मी उपाशी ठेवते?”

दोघंही सोनाबाईकडे वळले. बघा, रितेशला दुसरं जेवण ठाऊक होतं, नूतनला पहिलं. दोन्ही जेवणं फक्त मला ठाऊक होती.

“आई?” नूतन म्हणाली.

सोनाबाई जमिनीकडे बघत होती. “जेवले होते. सातला जेवते. मंग ह्याच्यासंगं जेवते. ह्यो पोरगा येकटा जेवत न्हाय ना.”

“अगं मग सांगायचंस!” रितेश खाली बसला. “मी एकटा जेवत नाही असं कोण म्हणालं? मला वाटायचं तू उपाशी आहेस, म्हणून मी तुला वाढून घ्यायला सांगायचो.”

“आणि मी बिचाऱ्या उंदराला शिव्या देतेय,” नूतन म्हणाली. रडता रडता ती हसली. सापळ्यातला बोंबील काढून तिनं दारातल्या मांजरीला टाकला. पण सोनाबाई हसली नाही. तिनं अर्धंच सांगितलं होतं. गाण्यासारखं.

दुसऱ्या दिवशी भंगारवाला माघारी गेला. रितेशनं जाळं विणायच्या सुईनं माझं फाटकं भोक शिवलं, नायलॉनच्या दोऱ्याच्या गाठी मारून. आता एका कोपऱ्यात मी खरंच मासेमारीचं जाळं आहे. नूतननं डॉक्टरीणबाईंना सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, “उशिरा जेवल्यानं थोडाफार फरक पडतो, जेवून लगेच आडवंही पडू नये. पण खरं वजन वाढतं ते जास्त खाल्ल्यानं. आजी, घड्याळाला भिऊ नका. जमेल तेव्हा जेवा, पण एकदाच जेवा.” दिवाळीची तारीख त्यांनी शिमग्यापर्यंत पुढे ढकलली. नंबर अजून आहे. आता रितेश जेवायला बसला की सोनाबाई समोर बसते, पुढ्यात ताक. दर्यावरच्या माणसाला सोबत हवी असते, मित्रांनो. सोबतीला ताट लागत नाही, नुसतं बसणंही चालतं.

तुमच्याकडे माझं एक मागणं आहे. घरातल्या जुन्या वस्तूंच्या वाट्यांत कधीमधी पाणी बदला. आणि आईला, आजीला “जेवलीस का?” असं विचारलंत तर उत्तर येईपर्यंत थांबा. घाईत विचारलं की घाईचंच उत्तर मिळतं.

मग पितरांचे दिवस आले. दादूची तिथी आली. सोनाबाईनं स्वतः उठून, भिंतीला धरून, त्याच्या आवडीचं कालवण केलं. ताट वाढलं. माशाची मधली तुकडी त्याच्या ताटात ठेवली आणि ताट माझ्या वरच्या फळीवर नेऊन ठेवलं. नूतन आणि रितेश दारात उभे होते. तिला ते दिसले की नाही, कोण जाणे. तिनं माझ्या दाराला कपाळ टेकलं. त्या कपाळाची ऊब माझ्या लाकडात उतरली आणि माझ्या बिजागऱ्या उगाच कुरकुरल्या. ओलं ताट, भाताचं शीत, रुमाल, सगळं सांगावंसं वाटलं.

“आज ही तुकडी तुमी खावा,” ती हळूच म्हणाली. “माझ्या ताटात टाकू नका. हे माझ्या अंगावर मांस हाय ना, हे माझं न्हाय, तुमच्या ताटातलं हाय. तुमी रोज इचारायचात, आनि मी रोज न्हाय म्हनायची.” तिनं पदरानं माझी जाळी पुसली. बाहेर भरती चढत होती.

“धनी, मी जेवले व्हते. रोज जेवले व्हते.”