हाकेनंतरची जागा

मित्रांनो, मी जानेफळमधल्या एका घरातला जुना संगणक आहे. माझ्यावर साडीचा एक विटका तुकडा टाकलेला असतो. तो धुळीसाठी आहे, पण हल्ली मला वाटते, तोंड लपवायलाही तो बरा आहे.

माझे भाग कुठे घडले ते मलाच नीट ठाऊक नाही. मेहकरच्या एका झेरॉक्सच्या दुकानात मी कोरा करकरीत आलो आणि लग्नपत्रिका करता करता म्हातारा झालो. दुकानदाराने मला विकायला काढले, तेव्हा भाजीवाले उकंडराव मला एसटीत मांडीवर घेऊन घरी आले. मुलगी प्रतीक्षा शिकावी, एवढीच त्यांची इच्छा. पहिल्या दिवशी मला हळदकुंकू लागले. माझा ऊर भरून आला.

उकंडराव हातगाडी ढकलत गल्लीगल्लीत स्वतः हाका मारत. यंदा त्यांच्या घशात गाठ निघाली आणि ऑपरेशन ठरले. आवाज पहिल्यासारखा राहील, असे डॉक्टर काही छातीठोकपणे सांगेनात. मग प्रतीक्षाने ठरवले, की बाबांची हाक आधीच रेकॉर्ड करायची आणि गाडीच्या भोंग्यावर लावायची. तिने एक फुकट मिळणारे सॉफ्टवेअर माझ्यात उतरवले, माइक जोडला, पंखा बंद केला.

"मेथी घ्या, वांगे घ्या! ओ जनकाबाई, सांभार ठेवला तुमच्यासाठी!" उकंडराव ओरडले आणि गप्प उभे राहिले. सांभार म्हणजे आमच्याकडची कोथिंबीर. माझ्या पडद्यावर उसळणारी लाट सपाट झाली. थोड्या वेळाने त्यांनी पुढच्या घरचे नाव घेतले. पुन्हा गप्प.

"बाबा, मधात थांबता काऊन?"

"हाक मारली का थांबा लागते ना वं पोरी. माणूस घरातून ओ देते."

प्रतीक्षा हसली. ती मेहकरला कॉलेजात जाते. बाबांच्या बोलण्याची तिला मैत्रिणींपुढे लाज वाटायची. ते बाहेर गेल्यावर तिने रिकाम्या जागा कापल्या. मग नावे कापली. मग 'ओ' आणि 'वं' कापले. उरली ती नुसती भाज्यांची नावे, चकचकीत आणि कोरडी. तेवढीच तिने पेन ड्राइव्हवर घेतली. ती सॉफ्टवेअर बंद करू लागली तेव्हा मी विचारले, मूळ काम जतन करायचे का? तिने 'नाही' दाबले आणि मी सगळे पुसून टाकले. माझ्यात काय जागेचा दुष्काळ होता? झेरॉक्सच्या दुकानातल्या पत्रिकांवरचे गणपती मी अजून सांभाळून बसलो आहे!

ऑपरेशन नीट झाले, गाठ साधी निघाली, पण आवाज गेला तो गेलाच. गाडी प्रतीक्षा ढकलू लागली आणि भोंगा वाजू लागला. एका संध्याकाळी समोरच्या घरातल्या म्हाताऱ्या जनकाबाई काठी टेकत आमच्या दारात आल्या.

"उकंडराव, तुमचा भोंगा माह्यं नाव काऊन घेत नाही? माह्यं काही चुकलं का?"

उकंडरावांनी तोंड उघडले. नुसता वारा आला. त्यांनी मुलीकडे पाहिले आणि तिने मान खाली घातली. जनकाबाई गेल्यावर तिने मला सुरू केले, फोल्डर शोधले, कचरापेटीसुद्धा उपसली. मी काय देणार होतो? गणपतीच गणपती निघत राहिले. मित्रांनो, त्या वेळी मला मेल्याहून मेल्यासारखे झाले.

प्रतीक्षाने डोळे पुसले. स्वतःच माइक धरला आणि बाबांच्या बोलीत हाक मारली, "ओ जनकाआजी, सांभार ठेवला तुमच्यासाठी!" ती थांबली. पुढचे नाव घेणार, तोच मागून फाटका, घोगरा आवाज आला. किती तरी दिवसांनी आला.

"अजून थांब. तिले दारात याले वेळ लागते."

ती थांबली. ते वाक्यही रेकॉर्ड झाले होते. तिने ते कापले नाही. या वेळी मूळ रेकॉर्डिंग आधी वेगळे जतन केले आणि त्याला 'बाबा' असे नाव दिले.

मित्रांनो, आवाज खुशाल साफ करा, पण मूळ आधी जपून ठेवा. आपल्या माणसाचे बोलणे म्हणजे कचरा नव्हे. माझ्यासारखे यंत्र तुम्हाला एकदाच विचारते, आणि तुम्ही 'नाही' म्हटले तर ऐकते.

आता सकाळी खिडकीतून मला भोंगा ऐकू येतो. भाज्यांची नावे होतात, जनकाआजींना हाक जाते आणि मग सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असा घोगरा आवाज सांगतो, "अजून थांब. तिले दारात याले वेळ लागते."

समोरच्या घरातून काठीचा टक टक आवाज येतो. "आली वो उकंडराव, आली!"