चार सह्या

अंधेरीला विद्याधर वकिलांच्या ऑफिसात सिसिलिया शिरली ती तापलेल्या डोक्यानेच. वकील म्हणाले, "बसा सिसिलियाबाई." ती बसली नाही.

वाकोल्याच्या शेतकरी घरातली ही बाई. लग्न होऊन कराचीला गेली, नवरा तिथल्या गोदीत कामाला. मधे फाळणी झाली. पुढे नवरा वारला, तेव्हा घरी यायला जो पासपोर्ट मिळाला तो पाकिस्तानचा. त्यावर ती छप्पन साली भावाकडे परतली, आणि आपल्याच गावात परदेशी ठरली. "काळजी सोडा, मी बसलोय ना," असं तिचा नागरिकत्वाचा अर्ज करताना विद्याधर वकिलांनी छातीठोकपणे सांगितलं होतं. दर तीन महिन्यांनी एक इंग्रजी अर्ज, फुली मारलेल्या जागी हिची सही, की मिळाली इथे राहायला मुदतवाढ. असं चारदा झालं. बिचारी देव भेटल्यासारखी त्यांना शेतातली वांगी आणून द्यायची.

आज सकाळी पोलीस कचेरीत साहेबाने तिला सांगितलं, की नागरिकत्वाचा अर्ज नामंजूर झालाय. कारण म्हणून ते चारही कागद त्याने मराठीत वाचून दाखवले. 'मी पाकिस्तानची नागरिक आहे. मुदत संपताच माझ्या देशात परत जाईन.' आता पंधरा दिवसांत जायचं होतं.

"मी वाकोल्यान जल्मली," सिसिलिया म्हणाली. "माझा देश कंचा, तुमी मना एकदा तरी विचारलं?"

"अहो, मुदतवाढीच्या अर्जात तसंच लिहायची पद्धत असते. सगळेच लिहितात."

तिच्या अंगाची लाही लाही झाली. पद्धत ह्यांची, आणि गाशा गुंडाळायचा हिने.

तिने पिशवीतून एक कागद काढला. साहेबाने एकच वाट दाखवली होती. अर्ज वाचून न दाखवताच सह्या घेतल्या, असं वकिलाने लिहून दिलं तर फेरविचार होईल. भाची आयडा मॅट्रिक झालेली, तिने ते इंग्रजीत लिहिलं होतं आणि खाली फुलीही मारली होती.

"करा सही. मी चारदा केली, तुमी एकदा करा."

"माझी सनद जाईल हो."

"माझं घर चाललंय."

वकिलांनी चष्मा लावला, पेन उघडलं. पहिली ओळ वाचली, मग पुन्हा तीच वाचली. बोट ठेवून शब्द न् शब्द वाचला. कागद उलटून मागची कोरी बाजूसुद्धा पाहिली. मग पेनाला टोपण लावून ते खिशात ठेवलं.

"म्हंजे तुमाला वाचता येतं," सिसिलिया म्हणाली.