पोपटी गाडी आणि किन्हवलीचा जावई

मी कुणालीची पोपटी स्कूटी बोलतेय. हो हो, तीच ती! किन्हवलीच्या नाक्यावर कुणालाही विचारा, 'पोपटी गाडी' एवढं म्हटलं की लोक तुम्हाला थेट कमळाकरदादांच्या ओट्यापर्यंत आणून सोडतील. वर चहा पाजतील.

पण जन्मल्या जन्मल्या काही मला एवढा मान नव्हता. कल्याणच्या शोरूममध्ये माझ्या काळ्या, लाल, पांढऱ्या बहिणी पटापट खपल्या. माझ्याकडे बघून लोक हसायचे आणि पुढे जायचे. मग एक दिवस कमळाकरदादा आले. भातशेती करणारा माणूस, त्या दिवशी मात्र इस्त्रीचा शर्ट घालून आलेला. बरोबर लेक कुणाली. शोरूमवाला म्हणाला, "हा रंग कोणी नेत नाय हो दादा." कुणाली म्हणाली, "बाबा, हीच पायजे. आपल्या आवणासारखी हाय बघा." आवण म्हणजे लावणीआधीची भाताची कोवळी रोपं. झालं! त्या एका वाक्यानं मी जी फुगले ती अजून उतरलेली नाही.

कुणाली कल्याणला एका लॅबमध्ये रक्त तपासते. रोज सकाळी मी तिला आसनगाव स्टेशनला सोडायचे, दिवसभर तिथे उभी राहायचे आणि संध्याकाळी परत आणायचे. घरात ती आणि बाबा, दोघंच. आई ती लहान असतानाच गेली.

आता आमच्याकडची एक रीत सांगते. किन्हवलीत गाडीची किल्ली गाडीलाच असते. ती काढून घरात नेली तर शेजाऱ्याला राग येतो, "म्हणजे आमी काय चोर हाव काय?" त्यामुळे सुट्टीच्या दिवशी मी साऱ्या आळीची. "कुणाली, जरा गाडी नेतो गो!" ही हाक आणि माझा स्टार्टर एकदमच ऐकू यायचा. मी बाळंतिणीला दवाखान्यात नेलंय, बियाण्याच्या गोण्या वाहिल्यात, एकदा तर बोकडही बसला होता मागे. खोटं कशाला बोलू, मला हे सगळं फार आवडायचं.

कुणालीला मात्र वैताग यायचा. कारण जिथे मी उभी, तिथे कुणाली, असा गावाचा हिशेब. मी मेडिकलसमोर दिसले की घरी विचारणा, "पोरीला ताप आलाय काय?" मी शहापुरात आइस्क्रीमच्या दुकानाबाहेर दिसले की बाबांना आधी कळायचं आणि कुणालीचं आइस्क्रीम नंतर संपायचं. हेल्मेटच्या आत ती माझ्याशी बोलायची. "इथं शिंकायची पण चोरी हाय गो पोपटे. कल्याणला मला कोण ओळखणार? काय मज्जा!" तिनं मैत्रिणीबरोबर, रुचिताबरोबर, कल्याणला एक खोली बघून ठेवली होती. फक्त बाबांना सांगायचं धाडस होत नव्हतं. बाबा एकटे पडतील, या एका गोष्टीवर तिची गाडी अडायची.

आणि मग एका रविवारी रविंद्रकाकांनी मला नेलं. काका शेजारी राहतात. भाच्याच्या लग्नासाठी त्यांना शहापुरात मंगल कार्यालय बघायचं होतं. काका आत गेले, मी दारात. तेवढ्यात समोरून एसटी गेली आणि खिडकीत कोण? शीतलवहिनी! नाक्यावर त्यांची चहाची टपरी आहे. म्हणजे बातमी आता किती लपणार ते तुम्हीच समजा.

दुपारपर्यंत साऱ्या किन्हवलीला कळलं की कुणालीचं लग्न ठरलं. बायका ओट्यावर जमल्या. कोणी हळदीला कुठला बँजो सांगायचा ते ठरवत होतं, कोणी मुलाचं गाव विचारत होतं. बाबा बिचारे मधे उभे. "माझ्या पोरीचं लगीन ठरलं आन मलाच नाय सांगितलं?" त्यांचा आवाज असा झाला होता की मला माझं हँडल कुठे वळवू असं झालं.

कुणाली भडकली. "कसलं लगीन? बाबा, मला कल्याणला राहायचंय. एकटीनं. या असल्या चौकशांचा कंटाळा आलाय मला!" बाबांनी मान हलवली. "जा गो. तुझं सुख बघ," एवढंच म्हणाले आणि फडकं घेऊन मला पुसत बसले. मी स्वच्छच होते तरी.

गाव मात्र गावच. 'गाडी मीच नेली होती' असं रविंद्रकाकांनी सांगून पाहिलं, पण ऐकतंय कोण! कुणाली म्हणाली लग्न नाही, तर म्हणे, "लाजते पोर." ती मला घेऊन कल्याणला निघाली, तर म्हणे, "सासर कल्याणचं असेल."

कल्याणला माझी जागा बिल्डिंगच्या तळमजल्यावर होती. तिथे मला कोणी हात लावला नाही, कोणी मागितलं नाही, रंगावरून हसलंसुद्धा नाही. कुणाली सुरुवातीला खुशीत होती. हवं तेव्हा जायची, हवं तेव्हा यायची. मला मात्र करमेना बाई. बोकडाची आठवण यायला लागली!

पण सवय कुठे जाते? एका सकाळी कुणाली घाईत किल्ली मलाच लावून वर गेली. किन्हवलीत याला शेजारधर्म म्हणतात. कल्याणात एका हेल्मेटवाल्यानं त्याचा वेगळा अर्थ घेतला. तो शांतपणे आला, बसला आणि मला घेऊन निघाला.

हायवेला पोलीस असतील म्हणून त्यानं आतला रस्ता धरला. कुठला? तर मुरबाडवरून किन्हवलीचा! मी मनात म्हटलं, ये बाबा, ये.

मुरबाडला पंक्चरवाला जगन मला बघून ओरडला, "कुणाली, मागच्या टायरात हवा कमी हाय!" मग चालवणारा पुरुष आहे हे बघून हसला आणि त्यानं नाक्यावर फोन लावला. "शीतलवैनी, कुणालीच्या गाडीवर पावणा येतोय."

नेमकं शीतलवहिनींच्या टपरीसमोर माझं पेट्रोल संपलं. संपलं की मी अडून बसले, ते काही मी सांगणार नाही.

"या या जावईबापू! उन्हातानाचं आलात!" चोर काही बोलायच्या आत त्याच्या हातात पाण्याचा तांब्या. रविंद्रकाकांनी मला ढकलत घरी आणलं, आणि वीसेक माणसांनी त्याला. ओट्यावर चटई, पुढ्यात भजी, तांदळाची भाकर, सुकटीची चटणी. "नाव काय? आडनाव काय? मामा कुठले? शेती किती?" त्याला घाम फुटला. पळावं तर चहूकडे माणसं, आणि प्रत्येकाच्या हातात वाढायला काहीतरी. शेवटी तो म्हणाला, "जरा हात धुऊन येतो," आणि मागच्या दारी गेला.

तेवढ्यात बाबांचा फोन वाजला. पलीकडे कुणाली रडत होती. "बाबा, माझी गाडी चोरीला गेली! बिल्डिंगमधे सगळ्यांना विचारलं. कुठली गाडी, म्हणतात. रोज तिथंच उभी असते, कोणालाच आठवत नाय!"

बाबा म्हणाले, "गाडी इथं ओट्याजवळ हाय गो. जावईबापू घेऊन आलेत. भजी खातायत."

"कोण जावई?"

सगळ्यांनी मागच्या दारी धाव घेतली. नळ चालू, माणूस गायब. वाफ्याच्या चिखलात एक चप्पल रुतलेली. शीतलवहिनी हळहळल्या, "मेल्यानं भाकर तरी पुरी खायची!"

संध्याकाळी कुणाली आली. आधी मला मिठी मारली, मग बाबांना. मग ओट्यावर बसून जी हसत सुटली ती डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. "बाबा," ती म्हणाली, "खोली मी सोडणार नाय. मला तिथं बरं वाटतं. पण गाडी इथंच ठेवते. जिथं तिला सगळे ओळखतात तिथंच राहू दे. शनिवारी मला न्यायला तुमीच या तिच्यावरून."

बाबांनी फडकं काढलं आणि परत मला पुसायला घेतलं. या वेळी मात्र ते गुणगुणत होते.

आता मी किन्हवलीतच असते. साऱ्या आळीची, पुन्हा. दर शनिवारी बाबा मला आसनगावला नेतात. परतताना कुणाली चालवते, बाबा मागे बसतात, आणि नाक्यावर हाक येतेच, "काय गो, जावई नाय आणलास?" कुणाली आता चिडत नाही. हॉर्न वाजवते आणि ओरडते, "पळाला ना वैनी, तुमच्या भजीला घाबरून!"

तेव्हा मंडळी, कधी किन्हवलीला आलात आणि पोपटी गाडी दिसली, तर खुशाल न्या. किल्ली मलाच असते. फक्त पोट रिकामं ठेवून या आणि मामाचं गाव पाठ करून या.