हार काढायचा राहिला

मी एक फोटोची चौकट बोलतेय. भिंतीवर टांगलेली, सागाची, सोनेरी कडेची. तुम्ही बघता ते माझ्यातल्या माणसाकडे, माझ्याकडे कुणी बघत नाही, आणि त्याबद्दल माझी काही तक्रारही नाही. पण आज माझ्यात जो माणूस आहे, त्याच्याबद्दल कुणाशी तरी बोलल्याशिवाय आता मला राहवत नाही.

माझा जन्म घाटकोपरचा. स्टेशनजवळच्या गल्लीत कुंडलिक फ्रेमवाल्याचं दुकान होतं, तिथला. कुंडलिक तोंडात चुका, म्हणजे बारीक खिळे, धरून बोलायचा, त्यामुळे त्याचं निम्मं बोलणं गिऱ्हाईकाला कळायचंच नाही. "घरात मूल जन्मलं की लोक हलवायाकडे धावतात," तो म्हणायचा, "आणि माणूस गेलं की माझ्याकडे." माझ्या शेजारच्या चौकटी भराभर गेल्या. कुणात देव बसले, कुणात नवरानवरी. मला मात्र टीव्हीवाल्यांनी नेलं.

साल एकोणनव्वद. टीव्हीवर दुपारच्या वेळी मालिका दाखवायला नुकती कुठे सुरुवात झाली होती. बायका जेवणं आटोपून, भांडी विसळून जरा टेकतात, ती वेळ. ती वेळ आपलीच, असं जयवंतरावांच्या मनाने घेतलं. हे जयवंतराव पूर्वी नाटकांचे दौरे काढायचे. अंधेरीला मरोळच्या बाजूला एका बंद पडलेल्या कारखान्याचा गाळा त्यांनी भाड्याने घेतला, आत प्लायवूडचं घर उभं केलं आणि मालिकेचं नाव ठेवलं 'सावलीतलं घर'. त्या घराला छप्पर नव्हतं, तेव्हा सावली कुठून येणार होती कोण जाणे.

मला दिवाणखान्यात लावलं. माझ्यात तेव्हा काश्मीरचा देखावा होता. समोरच्या खुर्चीत अण्णा बसायचे, म्हणजे अण्णांचं काम करणारे अनंतराव. मूळचे मालवणकडचे, सगळी उमेद गिरणीत गेलेली. गिरणीत असताना कामगारांच्या नाटकांतून त्यांनी राजे केले, दारुडे केले, सासरेही केले. संपानंतर गिरणी गेली आणि हातात उरलं ते नाटक. पाठ केलेलं वाक्य ते असं बोलायचे, की जणू आत्ताच त्यांच्या मनात आलंय. अण्णांच्या बायकोचं, माईचं काम करायच्या प्रेमाताई, बोरिवलीच्या. त्या म्हणायच्या, "अनंतराव समोर असले ना, की मला अ‍ॅक्टिंग करावीच लागत नाही."

पण मालिकेचं काही खरं नव्हतं. कधी क्रिकेटची मॅच आली की आमचा भाग गडप. कधी दुपारी वीज जायची. टीव्हीच्या हापिसातून तेरा-तेरा भागांचीच मंजुरी मिळायची आणि दर वेळी जयवंतरावांच्या तोंडचं पाणी पळायचं. अशात जाहिरात देणाऱ्या साबणवाल्यांनी अंग काढून घेतलं. आता माणसं कमी करणं भाग होतं.

"अण्णांना मारू या," जयवंतराव म्हणाले. "कोकणात जाताना होडी उलटली, बॉडी मिळाली नाही. मरणाचे भाग बायका आवर्जून बघतात."

अनंतराव तिथेच बसले होते. त्यांनी चहाचा घोट घेतला आणि विचारलं, "कुठल्या भागात जायचंय मी?"

काश्मीर निघालं आणि माझ्यात अनंतराव आले. फोटो कॅमेरामन विद्याधरने काढला होता. झकास आला होता. गालावर हसू यायच्या बेतात, पण आलेलं नाही. वरून चंदनाचा हार घातला.

या धंद्यात एक रीत आहे. जित्या माणसाच्या फोटोला हार घातला, की सीन झाल्याबरोबर त्या माणसाने आपल्या हाताने हार काढायचा, कॅमेऱ्यासमोर उभं राहून खळखळून हसायचं, मग सगळ्यांनी पेढा खायचा. एकदा काढलेला हार त्याच फोटोला पुन्हा घालायचा नाही. कुणी याला अंधश्रद्धा म्हणेल. मी म्हणते, मेलेल्याचं सोंग घेतलेल्या माणसाला घरी जायला एक दार लागतं, ते हे.

त्या दिवशी माईचा आक्रोश संपला आणि गाळ्यातली बत्ती गेली. अंधारात एकच धावपळ उडाली. जो तो आपली पिशवी चाचपत बाहेर पडला. "हार काढायचा राहिला," अनंतराव म्हणाले. "उद्या काढू की," कुणीतरी म्हणालं. पण अण्णा मेले होते. उद्या त्यांना बोलावणार कोण?

आणि मग जयवंतरावांच्या ध्यानात आलं, की हाराचा फोटो ही फार सोयीची गोष्ट आहे. माई दर भागात माझ्यासमोर उभी राहून मनातलं बोलायची, दुसरा नट लागायचाच नाही. हार काढला तर पुन्हा घालता आला नसता, म्हणून तो तसाच राहिला. अनंतराव दोन-चारदा गाळ्याच्या दारापर्यंत आले. "साहेब बाहेर गेलेत," असं आतून कुणीतरी सांगायचं, आणि साहेब माझ्याखाली पंख्याचा वारा घेत बसलेले असायचे. जयवंतराव वाईट नव्हते. त्या माणसाच्या डोळ्याला डोळा द्यायची त्यांना हिंमत नव्हती, एवढंच.

एके दुपारी एक बाई आल्या. मुलुंडहून दोन बस बदलून. कपाळाला ठसठशीत कुंकू, हातात कापडी पिशवी. प्रेमाताई पांढऱ्या साडीत, पांढऱ्या कपाळाने बसल्या होत्या.

"मी अण्णांची बायको," त्या म्हणाल्या. "खरी. जानकी."

प्रेमाताई गडबडून उठल्या आणि त्यांचा हात आपसूक आपल्या कपाळावर गेला.

"तुमी दर गुरुवारी ह्यांच्या फोटोफुडे रडतास," जानकीबाई म्हणाल्या. "चाळीतली बायलमाणसां पण रडतत. आणि मी थंयच, त्यांच्यात बसलेली. कपाळाक कुंकू लावन. माका कळणाच नाय, खंय बघूचा."

"बसा ना, वहिनी."

"बसूक नाय इलंय. ह्ये जेवता जेवता थांबतत. म्हणतत, माझा काम अर्धा रवला. हारान काय होता असा मी मानणंय नाय. पण खेळ संपल्याबिगर माणूस मेकप कसो पुसतलो, सांगा? काम दिया नायतर तो हार तरी काढूक दिया."

प्रेमाताई त्यांच्या हाताला धरून उभ्या राहिल्या. एक नटी विधवा, एक खरी सवाष्ण, आणि दोघींच्या वर मी, हारासकट. मला तेव्हा खिळ्यावरून खाली पडावंसं वाटलं.

त्या गेल्यावर प्रेमाताई जयवंतरावांसमोर जाऊन बसल्या.

"हार काढायला बोलावलं की तो काम मागणार, ताई. मी नाही कसं म्हणू?"

"मग नका म्हणू नाही. बायकांची पत्रं वाचलीत का? अण्णांना परत आणा, असंच लिहितायत सगळ्या. बॉडी कुठे मिळाली होती?"

जयवंतरावांनी पत्रांचा गठ्ठा पुढ्यात ओढला. मग हसले. फार दिवसांनी हसले बिचारे. अण्णा बुडाले नव्हते, एका कोळ्याने वाचवलं होतं, असं ठरलं. पुढच्या तेरा भागांची आशा होती आणि त्यांतल्या पहिल्याच भागात अण्णा दारात उभे राहणार होते. मी माझ्या काचेआड वाट बघू लागले.

तो दिवस उजाडला. अनंतराव नवऱ्या मुलासारखे आले आणि सोबत जानकीबाई. अनंतराव मेकपला बसले आणि तेवढ्यात फोन वाजला. जयवंतरावांनी ऐकलं, ठेवला आणि आहे तिथेच स्टुलावर बसले.

"पुढची मंजुरी नाही," ते म्हणाले. "बंद. वाट लागली सगळी." मग त्यांनी विद्याधरला कोरी टेप कॅमेऱ्यातून काढायला सांगितली. ती परत करायची होती.

"अनंतरावांना कुणी काही सांगू नका," प्रेमाताई म्हणाल्या. "आधी सीन करायचा."

"टेपेशिवाय?" विद्याधरने विचारलं.

"टेपेशिवाय."

जानकीबाई दाराशी उभ्या होत्या. त्यांनी सगळं ऐकलं होतं. प्रेमाताईंनी त्यांच्याकडे पाहिलं. जानकीबाईंनी पदर सारखा केला आणि मान डोलावली.

मग अनंतराव आले. प्लायवूडच्या दारातून आत आले आणि ते खोटं घर क्षणभर खरं झालं. माईने त्यांना पाहिलं आणि तिच्या हातातलं ताट निसटलं; ते मात्र लिहिलेलं नव्हतं. अण्णा चालत माझ्यासमोर आले, स्वतःच्या फोटोकडे पाहत उभे राहिले, आणि दोन्ही हातांनी हार उतरवला. मग कॅमेऱ्याकडे वळून ते हसले. इतके महिने अडलेलं हसू होतं ते. हसता हसता त्यांच्या डोळ्यांतून पाणी आलं आणि तरी ते हसत राहिले. जयवंतराव भिंतीकडे तोंड करून उभे होते. विद्याधर रिकाम्या कॅमेऱ्याला डोळा लावून म्हणाला, "ओके, अण्णा. फार छान." एवढं मोठं काम माझ्या काचेसमोर झालं आणि कुठेच उमटलं नाही, याचं दुःख मला अजून आहे.

मालिका थांबल्याचं त्यांना पेढे खाऊन झाल्यावर सांगितलं. "पण तुमचा भाग शेवटचा म्हणून दाखवणार आहेत," प्रेमाताई म्हणाल्या. घर पाडायला माणसं आली, तेव्हा प्रेमाताईंनी मला भिंतीवरून काढलं आणि जानकीबाईंच्या पिशवीत घातलं.

आता मी मुलुंडला आहे. चाळीतली एक खोली, घड्याळाशेजारचा खिळा. फोटो तोच, हार नाही. दर गुरुवारी दुपारी अनंतराव इस्त्रीचा शर्ट घालतात आणि टीव्हीसमोर बसतात. आधी शेजारच्या बायकाही येऊन बसायच्या, आता येत नाहीत. आमच्या वेळेला हल्ली एक बाई लोणची घालायला शिकवते. अनंतराव ते लोणचं शेवटपर्यंत बघतात. "उरलेले भाग मागाहून दाखवतत म्हणे," जानकीबाई म्हणतात आणि चहाच्या निमित्ताने मोरीकडे जाऊन डोळे पुसतात. त्या खोटं बोलतात हे मला ठाऊक आहे, आणि त्यांना दोष द्यायला माझी जीभ रेटत नाही.

गेल्या गुरुवारी त्या नळावर गेल्या होत्या. अनंतराव उठले, पंच्याने माझी काच पुसली आणि स्वतःच्या फोटोशी हळूच बोलले.

"कॅमेऱ्यावरचा रेकॉर्डिंगचा लाल दिवा लागलाच नव्हता रे. मला दारातूनच दिसलं. मागे फिरणार होतो. पण जानकी उभी होती. आयुष्यभर नाटकं केली, पण पोरांपायी तिला कधी बघायला येता आलं नाही. पहिल्यांदा आली होती बघायला. तिच्यासमोर अर्धं कसं सोडू?"

बाहेर कळशी टेकल्याचा आवाज आला. ते झटकन खुर्चीत जाऊन बसले.

"आज तरी दाखवतील का गं?"

"दाखवतीत," जानकीबाई म्हणाल्या आणि शेजारी येऊन बसल्या.

मला दोघांचंही माहीत आहे आणि त्यांच्याशी बोलायला मला तोंड नाही. म्हणून तुम्हाला सांगते. कधी गुरुवारी दुपारी मुलुंडला आलात, तर यांच्याकडे डोकवा. दोघांपैकी कुणालाही काही सांगू नका. चहा देतील तो घ्या, आणि अर्धा तास त्यांच्यासोबत बसून वाट बघा.